तुकडा काय म्हणाला

"बाई, त्यो तुकडा काय म्हनला?"

लोणावळ्याहून सुटलेल्या सकाळच्या गाडीने मळवली मागे टाकलं होतं. डॉक्टर यशोधरा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. प्रश्न समोरच्या बाकावरून आला. तिने डोळे उघडले, तर समोर सरुबाई. कुरवंड्याची सरुबाई, कानांवरून पदर घट्ट ओढून घेतलेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. तिचा नवरा सोपान तळेगावच्या रुग्णालयात, यशोधराच्याच अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासाच्या मशीनवर होता. आतड्याला भोक पडून पोटात पू झालेला, दोन ऑपरेशनं झालेली. आता पोट भरून आलं होतं, ताप उतरला होता, फुफ्फुसं स्वच्छ होती. फक्त मशीन काढलं की त्याला श्वास घेता येत नव्हता.

"कुठला तुकडा?" यशोधराने विचारलं. खरं तर तिला लगेच कळलं होतं.

"दुसऱ्या आपरेशनाला घेतलेला. तुमीच म्हनला व्हता, तांदळाच्या कनीएवडा घेतो आन् बघतो त्यात काय हाय. मी म्हनलं घ्या. मंग पुढं काय झालं त्येचं?"

विचारण्यात तक्रार नव्हती, संशय नव्हता. शेजारणीला दिलेलं विरजण लागलं का, असं विचारावं इतक्या सहज तिने विचारलं होतं. पण यशोधराला कुणीतरी छातीखाली बोट टोचल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती असे तुकडे घेत होती. पोट उघडलेलंच आहे, तर छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची, त्या श्वासपटलाची, एवढीशी कणी शल्यचिकित्सकाकडून काढून घ्यायची. आधी नातेवाइकांना नीट समजावून सांगायचं, त्यांची परवानगी घ्यायची, आणि शेवटी न चुकता म्हणायचं, "काय निघालं ते तुम्हाला सांगेन." ती हे मनापासून म्हणत असे. पण परत येऊन कुणी विचारलं नव्हतं. कुणाचं माणूस घरी गेलं, कुणाचं गेलंच. तुकड्याची आठवण कुणाला राहणार? आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि तेही नेमकं अशा वेळी, जेव्हा उत्तर परवाच संध्याकाळी तिच्या हातात पडलं होतं आणि ते उत्तर तिच्याच विरुद्ध होतं.

"राउंड झाला की सांगते," ती म्हणाली. "नीट बसून सांगते."

"बरं," सरुबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. कामशेतच्या अलीकडे भात कापलेली खाचरं धुक्यात भिजून पडली होती.

यशोधराने पुन्हा डोळे मिटले, पण आता झोपेचं सोंग जमेना. परवा ती लोणावळ्यातल्या आपल्या वळवणच्या घराच्या फाटकाशी उभी होती, कुलपात किल्ली घातलेली, तेवढ्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोनवर निकाल आले. किल्ली तशीच ठेवून तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं. कितीतरी वर्षं ती एकच गोष्ट ठामपणे सांगत आली होती. जबर आजारात मशीनवर राहिलेल्या माणसाचं श्वासपटल लुळं पडतं, कारण त्याच्या तंतूंमधल्या चुली विझतात. प्रत्येक पेशीत इंधन जाळून बळ तयार करणाऱ्या ज्या इवल्या इवल्या भट्ट्या असतात, त्या आजाराच्या वणव्यात निकामी होतात, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर तिने भाषणं दिली होती. थोरामोठ्यांशी वाद घातले होते, आणि बहुतेक जिंकलेही होते. आणि त्याच म्हणण्याला धरून तिने विभागात रीत पाडली होती, की चूल विझलेल्या स्नायूला काम लावायचं नाही. त्याला पूर्ण आराम द्यायचा, सगळा श्वास मशीनने द्यायचा, निखारा परत धरेपर्यंत. मशीन कमी करून बघितल्यावर सोपान दोनदा धापा टाकून कोलमडला, तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं. आणि आता प्रयोगशाळा सांगत होती, चुली पेटत्या आहेत. सोपानच्या तुकड्यातल्या, आणि इतरांच्याही. त्या कण्यांना इंधन दिलं, प्राणवायू दिला, तर धडधाकट माणसाच्या स्नायूइतक्याच जोमाने त्या तो जाळत होत्या. तंतू मात्र वाळलेले होते, सुकलेल्या घेवड्यासारखे बारीक. आग होती, हंडी लहान झाली होती.

वाचून संपलं तेव्हा तिला काय वाटलं होतं? आधी एवढी वर्षं वाया गेली असं वाटलं, हे खरं. पण ते टिकलं नाही. चोरी झाली म्हणून धावत घरी यावं आणि कुलूप जसंच्या तसं लटकलेलं दिसावं, तसं काहीसं तिला झालं. ती फाटकाशी उभी राहून एकटीच हसली. समोरच्या बंगल्याचा माळी बघत राहिला. आपण चुकलो होतो, आणि चुकलो होतो हे किती बरं झालं. विझलेल्या चुलीला काय करणार? बारीक झालेल्या तंतूला मात्र करण्यासारखं पुष्कळ होतं.

आणि तेव्हापासून एक हात तिच्या डोळ्यांसमोर येत होता. तिचाच, डावा. ती तिसरी-चौथीत असेल. जांभळाच्या झाडावरून पडून हात मोडला होता आणि कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं होतं. ते कापलं त्या दिवशी आतून जे निघालं ते तिचं नव्हतंच. पांढरट, सालपटं निघणारं, काळ्या लवेचं, उजव्या हाताच्या निम्म्या जाडीचं कसलं तरी काटकुळं. त्याला वास येत होता. तिने तो हात फ्रॉकच्या घोळात लपवला आणि कितीतरी दिवस तो कुणाला दाखवला नाही, स्वतःलाही नाही. तिची आई अंबूबाई तेव्हा खंडाळ्याच्या एका हॉटेलात कपडे धुवायला होती. ती लेकीची समजूत काढत बसली नाही, तेवढा वेळच तिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला हॉटेलाच्या मागच्या दगडी हौदाशी नेलं आणि भिजलेला हातरुमाल तिच्या हातात दिला. "पिळ." पिळवेना. मनगटात कळ आली. "पाणी निघालं का थोडं? बास. आता दुसरा." रुमालावरून नॅपकिन, नॅपकिनवरून उशीचे अभ्रे. दरीतून वर येणारा वारा, दोरीवर फडफडणाऱ्या चादरी, साबणाच्या पाण्याने लाल झालेली बोटं. हात दुखायचा, रात्री ठणकायचा. अंबूबाई तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पिळ." आणि एके दिवशी चादरीचं एक टोक आईने धरलं, दुसरं हिने, आणि दोघींनी मिळून अशी पिळली की पाण्याची धार फरशीवर वाजली. त्या हाताची चूल कधी विझलीच नव्हती. त्याला फक्त काम नव्हतं. इतकी साधी गोष्ट माहीत असून एवढी वर्षं आपल्याला कशी सुचली नाही? की आजार या शब्दाचाच दरारा इतका मोठा होता की त्याच्यापुढे ती हॉटेलामागची गोष्ट आठवायचीसुद्धा लाज वाटली?

तळेगावला लागून असलेल्या घोरावाडी स्टेशनवर दोघी उतरल्या. रिक्षात शेजारी शेजारी बसून रुग्णालयात पोचल्या.

विभागाचे प्रमुख डॉक्टर राजेंद्र सोपानच्या पलंगापाशी आधीच उभे होते. साठीला टेकलेले, शांत, रुग्णाला त्रास देण्यापेक्षा थांबणं बरं असं मानणारे. यशोधराने निकाल सांगितला आणि त्याच दमात म्हणाली, "सर, आजपासून याला काम द्यायचं. दिवसातून दोनदा मशीनचा आधार उतरवायचा. थोडा वेळ, रोज जरा जास्त. आणि प्रथिनं वाढवायची."

राजेंद्रांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्याच म्हणण्यावरून आपण याला आराम दिला होता."

"हो सर. आता माझ्याच म्हणण्यावरून तो काढायचा."

"दमेल."

"दमू दे. दमायला लागेल तिथे थांबू. पण दमल्याशिवाय तो स्नायू वाढायचा नाही."

राजेंद्रांनी चष्मा परत चढवला. तिचा आवाज चढला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी तिला वाद घालताना पुष्कळदा पाहिलं होतं. आज ती वाद घालत नव्हती, नुसतं सांगत होती. "तू इथे उभी राहणार असशील तर कर," ते म्हणाले.

सोपान जागा होता. गळ्याला पाडलेल्या छिद्रातून नळी गेलेली, त्यामुळे आवाज नव्हता, पण डोळे सगळ्यांशी बोलत असत. धडधाकट असताना हा माणूस नागफणीच्या सुळक्यावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींना वाट दाखवायचा. पायथ्याशी त्याचं लिंबूसरबताचं आणि भजीचं छोटं दुकान होतं. शहरातली पोरं अर्ध्या वाटेत फतकल मारून बसली की हा त्यांच्या सॅक स्वतःच्या दोन्ही खांद्यांना अडकवून गाणं म्हणत पुढे चढायचा, असं सरुबाई सांगायची. आता ते खांदे पलंगावर दोन खुंट्यांसारखे दिसत होते.

"सोपानभाऊ," यशोधरा त्याच्या कानाशी वाकली. "आजपासून मशीन थोडं थोडं कमी करणार. धाप लागेल. जीव घाबरेल. पण मी इथून हलणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग चादरीवरचा हात सावकाश उचलून तळवा तिरका धरला, बोटं वर. तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"हो," ती म्हणाली. "चढच आहे."

तिने आधार उतरवला आणि त्याच्या बरगड्यांच्या खाली, जखमेच्या पट्टीच्या वर, आपला तळवा ठेवला. पहिले काही श्वास भलतेच होते. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, खांदे वर चढले, छाती ओढली गेली आणि पोट उलट आत गेलं. श्वासाचा पडदा काम करत नव्हता. इतर सगळे स्नायू त्याची हमाली करत होते. सोपानच्या कपाळावर घाम आला. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांत रुतून बसले आणि ती त्यांच्यापासून हटली नाही. आणि तिला एकाएकी वाटलं, आपण याच्यावर नवा हट्ट तर चालवत नाही? एका सिद्धांताचा हात सोडून लगेच दुसऱ्याच्या गळ्यात पडण्याची घाई? कण्या बोलल्या ते काचेच्या नळीत. इथे माणूस आहे. तिच्या बोटांना त्याची कातडी गार लागत होती. तिने वाट पाहिली. आणि मग तळव्याखाली, खोलवर, पाण्याखाली माशाने शेपूट हलवावं तसं काहीतरी हललं. पोट केसभर वर आलं. पुन्हा नाही. पुन्हा आलं. राजेंद्र मशीनवरच्या आकड्यांकडे बघत होते. ती आकड्यांकडे बघत नव्हती. आकडे तिच्या हाताच्या मागून येणार होते. आणखी थोडा वेळ तिने ते तसंच चालू दिलं, आणि तो दमायला लागला तोच आधार परत चढवला. कोलमडायच्या आधी, जिंकलेला असतानाच.

दुपारी रुग्णालयाच्या मागच्या पायऱ्यांवर तिने सरुबाईला शेजारी बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तुकडा कुठे नेला, त्याला काय खायला घातलं, त्याने ते कसं जाळलं. "मला वाटत होतं, आजारपणाने त्यांच्या श्वासाच्या स्नायूतला विस्तव विझलाय. तसं नाही. विस्तव चांगला आहे. स्नायू बारीक झालाय, कारण सगळं काम मशीन करतंय."

सरुबाईने भाकरीचा तुकडा मोडता मोडता हात थांबवला. "म्हंजी बसून खातोय त्यो."

"तसंच काहीसं."

"घरी बी तसंच हाय बगा. डोंगरावर धा जनांचं वझं उचलंल, पन घरात आल्यावर पान्याचा तांब्या बी हातात द्यावा लागतो." ती हसली नाही, पण तिच्या तोंडाभोवती काहीतरी सैल झालं. "मंग लावा कामाला. दुखंल का त्येला?"

"लागेल धाप. तुम्हाला बघवणार नाही कदाचित."

"मी बगीन," सरुबाई म्हणाली. आणि भाकरीचा अर्धा भाग ठेच्यासकट यशोधराच्या हातावर ठेवला.

पुढचे दिवस सरळ चढाचे नव्हते. मधेच एकदा सोपानला ताप भरला. संध्याकाळच्या पाळीत त्याची नाडी धावायला लागली आणि राजेंद्रांनी तिला न विचारता मशीन पूर्ण लावलं. सकाळी ते बघून ती रागावली नाही. तापात कुणी चादरी पिळत नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर ती ओट्यावर बसून राहिली आणि तिला स्वतःचा श्वास जाणवायला लागला. एकदा जाणवायला लागला की मग काही केल्या आपोआप चालेना. प्रत्येक श्वास जणू तिनेच आत ओढायचा, तिनेच सोडायचा. राजमाचीच्या डोंगराच्या अंगाला ऊन उतरत होतं, घाटातून मालगाडीची धडधड ऐकू येत होती, आणि ती आपल्याच बरगड्यांखाली हात ठेवून बसली होती. जन्मल्यापासून एक दिवस सुट्टी न घेतलेला हा स्नायू. झोपेत, भांडणात, परीक्षेत, आई गेली त्या पहाटे, लग्न मोडलं त्या दुपारी, याने एकदाही विचारलं नाही की आज काम करू का. आणि असल्या स्नायूला आपण आराम देत होतो, उपकार केल्यासारखा. तिला वाईट नाही वाटलं. उलट त्या स्नायूबद्दल एक प्रकारचा भरवसा वाटला, घरातल्या जुन्या, कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल वाटावा तसा. हळूहळू श्वास तिच्या हातातून सुटला आणि पुन्हा आपला आपण चालू लागला. ताप उतरल्यावर सोपानने आपणहून तळवा तिरका धरून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "हो, चला."

सरुबाई काचेबाहेर उभी राहून बघायची. पहिल्या दिवशी तिने पदर तोंडात धरला होता. नंतर नंतर ती नुसती ओठ हलवत असे. नर्सना वाटायचं, देवाचं नाव घेतेय. यशोधराने एकदा जवळून ऐकलं, तर ती मोजल्यासारखं म्हणत होती, "ह्यो घेतला. ह्यो घेतला. आता ह्यो."

पुण्यात डॉक्टरांच्या एका परिषदेत तिने त्याच सुमारास भाषण दिलं. मंचावर जाऊन तिने सांगितलं की मी आजवर या विषयावर जे सांगत आले ते माझ्याच निकालांनी खोडलं आहे, आणि ते कसं खोडलं तेच आज दाखवणार आहे. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. एका जुन्या प्रतिस्पर्ध्याने शेवटी उठून विचारलं, तुम्हाला हे जड गेलं नाही का? ती म्हणाली, "नाही. आधीचं खरं ठरलं असतं तर जड गेलं असतं." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हे वाक्य आपण जुळवून आणलेलं नव्हतं.

सोपान सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनशिवाय राहिला, मग रात्रीही राहिला, आणि एका सकाळी त्याच्या नळीवर बोलायची छोटी झडप बसवली. सरुबाईला आत बोलावलं होतं. राजेंद्रही येऊन उभे राहिले. सोपानने घसा खाकरला, त्या आवाजाने तोच दचकला. मग बायकोकडे बघून, फाटक्या, खरखरीत आवाजात तो म्हणाला,

"तू हितं काय करतीयास? दुकान कोन बगतंय?"

"दुकान बंद हाय," सरुबाई म्हणाली.

"आन् शनिवार-रविवारची मानसं?"

"येत्यात न् जात्यात. डोंगार कुटं पळून जात न्हाई." तिने त्याच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला पुढे सरकवला, पण हातात दिला नाही. "घ्या. तुमचा तुमी उचला."

सोपानने पेल्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे, मग राजेंद्रांकडे. कुणी मदतीला येत नाही असं दिसल्यावर त्याने हात लांब केला. पेला हलला, थोडं पाणी चादरीवर सांडलं. पण तो ओठांपर्यंत गेला. राजेंद्र हळूच यशोधराला म्हणाले, "नवी रीत लिहून काढ. सगळ्या पलंगांसाठी." आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

सोपान घरी गेला त्याच आठवड्यात त्या पलंगावर खंडाळ्याहून बदरुन्निसा आल्या. सत्तरीच्या, न्यूमोनियाने दोन्ही फुफ्फुसं भरलेल्या. घाटमाथ्यावरच्या बंगल्यांना दूध-अंडी पुरवणारा त्यांचा मुलगा मकसूद दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असे. पहिले दोन दिवस मशीननेच सगळं सांभाळलं, त्यावाचून इलाज नव्हता. फुफ्फुसं जरा सावरली तशी यशोधराने गुंगीचं औषध उतरवायला लावलं, मशीनची रीत बदलली आणि मकसूदला आत बोलावलं.

तो आईच्या पायांशी उभा राहिला. त्याने नळ्या पाहिल्या, मशीन पाहिलं, आणि जरा धीर आल्यासारखा म्हणाला, "आता सगळं मशीनच करतंय ना मॅडम? अम्मीला काही त्रास नको."

"सगळं नाही," यशोधरा म्हणाली. "थोडं त्यांच्याकडे ठेवलंय. सुरुवात त्यांनी करायची, मग मशीन हात देणार."

"आणि नाही केली तर?"

"तर मशीन करेल. पण आधी त्यांना विचारेल."

मशीनवरची श्वासाची रेघ सपाट धावत होती. मकसूदने श्वास रोखून धरला आहे हे तिला न बघताही कळलं. तिने मात्र रोखला नाही. बदरुन्निसांच्या बरगड्यांखाली तळवा ठेवून ती उभी राहिली, घाई न करता, कुणाच्या दारावर थाप मारून झाल्यावर आतली पावलं ऐकू यायची वाट बघावी तशी. रेघ सपाटच होती. मग रेघ जरा खाली वाकली, यशोधराच्या हाताखाली पोट उचललं गेलं, आणि लगोलग मशीनने हवा पुढे केली.

"हा त्यांनी घेतला," ती म्हणाली.